जुन्या शेव्हरोले पिकअपला पाच गिअरची पेटी बसवताना

१९४७ ते १९५४ या काळात बनलेल्या शेव्हरोले ३१०० या अर्ध्या टनाच्या पिकअपला कारखान्यातून सहसा तीनच गिअर येत असत. पहिल्याचे गुणोत्तर, म्हणजे पेटीचा मागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाचे लागणारे फेरे, २.९४, दुसऱ्याचे १.६८ आणि तिसरा थेट. पहिल्याला सिंक्रो (दाते न घासता गिअर जुळवणारी रिंग) नसल्यामुळे सायनच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना पहिला पुन्हा टाकायचा, तर एक तर पूर्ण थांबावे लागते, नाहीतर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे मधे न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबावा लागतो. हा त्रास सवयीने सुसह्य होतो. खरी अडचण वरच्या टोकाला आहे. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.११ असल्याने २८ इंची टायरवर ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते. आजच्या इंजिनाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण या गाडीत १९५३ पर्यंत येणाऱ्या २१६ घनइंची सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतून केलेली असतात, आणि रॉडच्या तळाशी असलेले छोटे पळे फिरता फिरता तेल उचलून स्वतःचे वंगण स्वतः करतात. असे इंजिन तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर ठेवले की त्याची बेअरिंगे निकामी होतात, आणि मुंबईत बॅबिट ओतून देणारे हात आता मोजकेच उरले आहेत. पाचवा गिअर हवा तो वेग वाढवण्यासाठी नव्हे, त्याच वेगाला इंजिन निवांत ठेवण्यासाठी.

माझी पिकअप १९५१ सालची. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालू होता आणि ही गाडी तिथेच जोडली गेली, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. तिच्यावर हे काम करताना जे शिकलो ते पुढे लिहिले आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हे काम नव्वद टक्के मोजण्याचे आणि दहा टक्के पान्याचे आहे. पेटी विकत घेण्याआधी व्हर्निअर विकत घ्यावा.

पहिले माप मात्र कागदांचे घ्यावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक यांना गिअरपेटीच्या बदलाने धक्का लागत नाही, तरीही आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करून उत्तर फाइलला लावून ठेवणे शहाणपणाचे. ज्यांना गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, म्हणजे क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे असलेली पाटी हवी आहे, त्यांनी अधिकच जपावे. कारण त्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली असावी लागते. म्हणून मी स्वतःला एक अट घालून घेतली होती की चॅसीला गॅसकटर लागणार नाही, नवे भोक पडणार नाही, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग परत बसवता येईल. या अटीमुळे खर्च वाढला, पण कामही नेटके झाले.

पेटी कोणती घ्यावी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बोलेरो, सुमो, क्वालिस यांच्या पाच गिअरच्या पेट्या मिळतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. बहुतेक मिस्त्री तोच रस्ता सुचवतील. त्यात चूक काही नाही; पण या पेट्या त्यांच्या त्यांच्या इंजिनाला जुळतील अशा बेल हाउसिंगसकट (इंजिन आणि पेटी जोडणारे, क्लच झाकणारे कवच) येतात, तेव्हा एक तर ते कापून जाड प्लेट मधे घालावी लागते किंवा नवे हाउसिंग घडवावे लागते. जुन्या शेव्हरोलेच्या बेल हाउसिंगवर इंजिनाचे मागचे माउंटिंगही असते, त्यामुळे ते काढून टाकणे म्हणजे इंजिन टेकवण्याची व्यवस्थाच बदलणे. बोर्ग-वॉर्नरची टी-५ ही पेटी इथे वेगळी ठरते. तिला स्वतःचे बेल हाउसिंग नसते, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असल्याने वजन सुमारे ३४ किलो भरते, आणि २१६ इंजिनाचा साधारण १७५ पाउंड-फुटांचा टॉर्क ती सहज झेलते. १९८० च्या दशकात ही पेटी शेव्हरोले एस-१० पिकअप, कॅमॅरो, फोर्ड मस्टँग अशा अनेक गाड्यांत बसली. मुंबईत ती दुकानात टांगलेली मिळत नाही, मागवावीच लागते. म्हणून ती नेमकी कोणत्या गाडीची आहे हे पैसे देण्याआधी ओळखता आले पाहिजे.

आपल्याला हवी ती एस-१० ची. तिचा गिअर लिव्हर पुढे असतो आणि जुन्या केबिनमध्ये तो सीटच्या पुढे, हाताशी येतो. कॅमॅरो आणि मस्टँगच्या पेट्यांत तो मागे असल्याने नेमका लांब सीटच्या खाली निघतो. माझी पहिली खरेदी इथेच फसली. ज्याच्याकडून पेटी घेतली त्याने ती पिकअपचीच म्हणून दिली आणि मी तिच्यावरची पट्टी वाचली नाही. घरी आणून टेबलावर सरळ उभी केली तेव्हा लिव्हरची बैठक एका बाजूला कललेली दिसली. कॅमॅरोत ही पेटी सुमारे १७ अंश तिरकी बसते, आणि लिव्हर सरळ यावा म्हणून त्याची जागा उलट कललेली असते. पुढच्या शाफ्टचे दाते मोजले, तर १४ च्या जागी २६ निघाले. ती पेटी मला तोट्यात विकावी लागली.

ओळखण्याची रीत अशी. पेटीच्या मागच्या भागातल्या एका बोल्टखाली धातूची छोटी पट्टी असते आणि टी-५ असेल तर तिच्यावरचा क्रमांक १३५२ ने सुरू होतो. पुढचे तीन अंक ती कोणत्या गाडीसाठी केली होती ते सांगतात आणि त्यावरून गिअरची गुणोत्तरे कळतात. पट्टी नसलेली पेटी घ्यायचीच असेल तर गुणोत्तर हाताने मोजावे: गिअर टाकून पुढचा शाफ्ट किती वेळा फिरवला की मागचा बरोबर एक फेरा घेतो, ते खडूची खूण करून पाहावे. टी-५ चे दोन प्रकार आहेत. १९८५ पासून आलेल्या ‘वर्ल्ड क्लास’ प्रकारात काउंटरशाफ्ट (पेटीतला खालचा, गिअरांचा जोड-शाफ्ट) निमुळत्या रोलर बेअरिंगवर फिरतो आणि सिंक्रोच्या रिंगांना अस्तर असते. पेटीच्या पुढच्या तोंडाकडे पाहिले तर काउंटरशाफ्टच्या जागी बेअरिंगच्या रेसची सपाट, चकचकीत कडा दिसते. जुन्या प्रकारात तिथे पत्र्याची खोलगट टोपी असते. हा फरक पुढे तेल भरताना महत्त्वाचा ठरतो.

गुणोत्तरांचा हिशेब कागदावर करावा. एस-१० च्या एका पेटीत पहिला ४.०३ आणि पाचवा ०.८६ असतो, दुसरीत पहिला ३.७६ आणि पाचवा ०.७२. मागे ४.११ चा अ‍ॅक्सल राहणार असेल, तर ताशी ८० किलोमीटरला पहिल्या पेटीने इंजिन सुमारे २,१०० फेऱ्यांवर येते आणि दुसरीने साधारण १,७६० वर. मूळ पहिला गिअर अ‍ॅक्सलसह १२ पट होता, ४.०३ वाल्या पेटीत तो साडेसोळा पट होतो, म्हणजे गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो. म्हणून ४.११ सोबत ०.७२ ची पेटी आणि ३.७३ च्या अ‍ॅक्सलसोबत ०.८६ ची पेटी, अशी जोडी मला योग्य वाटते. दोन्हीकडून चढे गुणोत्तर घेण्याचा मोह आवरावा. ३.७३ आणि ०.७२ एकत्र केले तर पाचव्यात इंजिन १,६०० वर येते, आणि नव्वद अश्वशक्तीचे इंजिन साध्या उड्डाणपुलाच्या चढावरही धापा टाकू लागते. खंडाळ्याचा घाट कोणत्याही जोडीने चौथ्यातच, जमले नाही तर तिसऱ्यात चढावा.

वापरलेली पेटी घेताना तेल काढून पांढऱ्या कपड्यावर ओतून पाहावे. सोनेरी भुकटी थोडी असतेच, पोलादाचे कण असू नयेत. पुढचा शाफ्ट धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवावा. पाचवा गिअर या पेटीत सगळ्यात मागे, शेपटीच्या हाउसिंगमध्ये असतो. तो टाकून काढून पाहताना आवाज आला किंवा तो आपोआप सुटला, तर पेटी उघडल्याशिवाय बसवू नये.

मागच्या अ‍ॅक्सलचा प्रश्न

या कामाची सगळ्यात मोठी अडचण गिअरपेटीत नाही, तिच्या मागे आहे, आणि पुष्कळ जण पेटी आणून ठेवल्यावर तिच्यापाशी येऊन थबकतात. १९५४ पर्यंतच्या या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पेटीचा फेरा मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, उघडा नसतो. तो टॉर्क ट्यूब नावाच्या जाड नळीत बंद असतो. नळीचे एक टोक डिफरन्शियलला पक्के जोडलेले आणि दुसरे गिअरपेटीच्या मागे गोलाकार बैठकीत बसलेले असते. गाडीला पुढे ढकलणारा जोर आणि अ‍ॅक्सलचा पीळ दोन्ही ही नळी सहन करते. टी-५ च्या शेपटीला अशी बैठक नाही, तिला उघडा शाफ्ट लागतो. म्हणजे नळी गेली, नळीबरोबर जुना अ‍ॅक्सल गेला, आणि जो भार नळी वाहत होती तो आता लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि त्यांना आवळणाऱ्या यू-बोल्टवर आला.

नवा अ‍ॅक्सल निवडताना रुंदी, गुणोत्तर आणि चाकाचे बोल्ट या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. ३१०० च्या चाकाला साडेपाच इंच वर्तुळावर सहा बोल्ट असतात. आपल्याकडच्या जीपच्या जातीच्या अ‍ॅक्सलला त्याच वर्तुळावर पाच असतात, त्यामुळे पुढे सहा आणि मागे पाच अशी गाडी झाली की स्टेपनी दोन न्याव्या लागतात. हबचे ड्रिलिंग बदलून घेणे शक्य असते, पण ते चांगल्या मशीन शॉपमध्ये आणि हबची जाडी तपासूनच. हँडब्रेकच्या केबलची लांबी आणि नव्या व्हील सिलिंडरचा व्यास जुन्या मास्टर सिलिंडरशी जुळतो का, हेही याच टप्प्यावर पाहावे. ब्रेकची जुळणी शेवटी करू म्हणून ठेवली की ती घाईत होते.

जुना अ‍ॅक्सल नळीसकट मागे ओढून काढावा लागतो. गाडी चारही बाजूंनी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्यावी, जॅकवर भरवसा ठेवू नये. बॅटरी सोडवावी, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकच्या केबल सुट्या कराव्यात, गिअरपेटीमागची गोलाकार बैठक उघडावी, आणि यू-बोल्ट काढून अ‍ॅक्सल चाकांवरच मागे ढकलावा. हे दोन माणसांचे काम आहे, तीन असली तर उत्तम.

बेल हाउसिंगच्या आत

जुनी पेटी उतरवली की नवी लगेच लावून पाहण्याची घाई होते. त्याऐवजी चार मापे वहीत लिहावीत: बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून क्रँकच्या टोकातील पायलट बुशपर्यंतची (पेटीच्या शाफ्टचे टोक तोलणाऱ्या कडीपर्यंतची) खोली, हाउसिंगच्या मधल्या भोकाचा व्यास, नव्या पेटीच्या तोंडापासून तिच्या शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी, आणि त्या शाफ्टच्या टोकावरील बारीक भागाचा व्यास. पहिल्या आणि तिसऱ्या मापाची वजाबाकी सांगते की शाफ्ट लांब पडतो की आखूड. लांब पडत असेल तर हाउसिंग आणि पेटी यांच्यामध्ये तेवढ्या जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लागते, आणि तिचे दोन्ही चेहरे एकमेकांना समांतर असणे हे तिच्या जाडीइतकेच महत्त्वाचे असते. शाफ्टचे टोक बुशमध्ये निदान बारा मिलिमीटर शिरावे, पण क्रँकला आतून टेकू नये. पेटीच्या पुढच्या बेअरिंगचे झाकण, ज्याच्या नळीवर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सरकते, ते हाउसिंगच्या भोकात हाताने दाबून घट्ट बसेल असे असावे. मोठे असेल तर लेथवर उतरवावे, लहान असेल तर पोलादाची कडी करून घ्यावी.

पायलट बुश बदलावाच. जुना काढण्यासाठी त्याच्या पोकळीत ग्रीस ठासून भरावे आणि भोकात बरोबर बसेल असा गुळगुळीत रॉड घालून वर हातोडीचा घाव द्यावा. ग्रीस दाबले जाऊन बुशच्या मागे जाते आणि बुश पुढे येऊ लागतो. तिसऱ्या-चौथ्या घावाला ग्रीस परत भरावे लागते. माझा बुश सातव्या घावाला सुटला आणि मागून काळे झालेले, कदाचित सत्तर वर्षांपूर्वीचे तेल हातावर आले. नवा बुश सच्छिद्र कांस्याचा, शाफ्टपेक्षा ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर सैल असा करून घ्यावा. बसवण्याआधी तो इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा, ग्रीस लावू नये, कारण ग्रीसने त्याची छिद्रे बुजतात.

क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधला हब नव्या शाफ्टप्रमाणे लागतो. एस-१० च्या व्ही-६ पेटीच्या शाफ्टला एक इंच व्यास आणि १४ दाते असतात, तेव्हा तेवढ्या दात्यांचा हब जुन्या प्लेटवर रिव्हेट करून घेता येतो. क्लच प्लेटला नवे अस्तर लावून देणारे कारागीर हे काम नेहमी करतात. हब शाफ्टवर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. याच वेळी फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर हलका घासून घ्यावा.

आता या कामाचा गाभा. जुने बेल हाउसिंग आणि नवी पेटी यांचे मध्य क्रँकच्या मध्याशी जुळतात का, हे डोळ्यांना कळत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेजचा चुंबकी पाया बसवावा, गेजची सुई हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवावी, स्पार्क प्लग काढून ठेवावेत म्हणजे इंजिन हाताने फिरते, आणि फ्लायव्हील हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवत सुई वाचावी. सुईचा एकूण प्रवास ०.२५ मिलिमीटरच्या आत असावा. म्हणजे मध्यातला खरा फरक त्याच्या निम्मा, ०.१३ च्या आत राहतो. माझ्या गाडीत पहिल्यांदा सुई ०.३८ फिरली. खडूने घड्याळाचे काटे काढावेत तसे हाउसिंगवर बारा भाग आखून प्रत्येक जागेचा आकडा लिहिला, तेव्हा फरक चारच्या बाजूला आहे हे दिसले. हाउसिंग उतरवून पाहिले तर एका डॉवेलच्या (हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या खिळीच्या) कडेला जुन्या गॅस्केटचा रंगाने झाकलेला, नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. तो खरवडून हाउसिंग परत लावले आणि सुई ०.१५ वर आली. तुकडा मिळाला नसता तर किंचित मध्य सोडलेले डॉवेल घालावे लागले असते. ही तपासणी टाळली, तर सुरुवातीला काही कळत नाही. काही महिन्यांनी पायलट बुश झिजतो, मग पुढचे बेअरिंग गुणगुणू लागते, आणि मिस्त्री म्हणतात पेटीच वाईट होती.

पेटी चढवताना वरच्या दोन बोल्टांच्या जागी डोकी कापलेले लांब बोल्ट लावावेत आणि टोकाला करवतीने स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच पाडावी. पेटी या दोन दांड्यांवरून सरळ रेषेत आत सरकते, आणि तिचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळत नाही. शेवटचा एखादा सेंटिमीटर अडला तर चौथा गिअर टाकून मागचा शाफ्ट किंचित फिरवावा, म्हणजे दाते जुळतात. बोल्ट पिळून पेटी आत ओढू नये. अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो, आणि तुटला की मग वेल्डिंगचे नशीब.

शेपटी, शाफ्ट आणि कोन

बेल हाउसिंगवरचे मूळ माउंटिंग ठेवले, तरी टी-५ च्या शेपटीखाली आधार लागतो. तो चॅसीच्या आधीच असलेल्या भोकांत बोल्टने बसणारा आडवा पट्टा असावा. या आधाराचे रबर मऊच घ्यावे. पिकअपची चॅसी खड्ड्यांत पिळते, आणि बेल हाउसिंग व शेपटी दोन्ही कडक आवळली तर तो पीळ पेटीच्या पातळ शेपटीवर येतो. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः जुलैत, हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

नव्या अ‍ॅक्सलवर पाट्यांच्या बैठका वेल्ड करण्याआधी कोन ठरवावा. नियम असा की पेटीच्या मागच्या शाफ्टची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची, म्हणजे त्यात शिरणाऱ्या शाफ्टची, रेषा समांतर असावी. पेटीची शेपटी तीन अंश खाली झुकलेली असेल तर पिनियनचे नाक तीन अंश वर असावे. दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल क्रॉसवरचा कोन सारखा आणि अर्धा ते तीन अंशांच्या दरम्यान ठेवावा. अगदी शून्य कोनही वाईट, कारण क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून तिथे खळ्या पाडतात. पाट्यांच्या गाडीत जोर लावला की पिनियन वर उचलतो, म्हणून तो समांतर रेषेपेक्षा एखादा अंश खाली ठेवतात. ही मापे गाडी चाकांवर उभी असताना, टाकी अर्धी भरून आणि हौद्यात नेहमीचे ओझे ठेवून घ्यावीत. बैठका आधी फक्त टिपक्यांनी जोडाव्यात, कोन पुन्हा मोजावा, मगच पूर्ण वेल्ड करावे. तेही एका दमात नव्हे, तर डावे-उजवे थोडे थोडे करत, नाहीतर उष्णतेने अ‍ॅक्सलची नळी वाकते आणि चाकाचे सील गळू लागतात.

शाफ्टच्या पुढच्या टोकाला जनरल मोटर्सच्या टी-५ साठी २७ दात्यांचा सरकता योक (शाफ्ट पेटीला जोडणारा दुबेळक्याचा जोड) लागतो. योक पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर काढावा, आणि त्या स्थितीत दोन्ही क्रॉसच्या मध्यांतले अंतर मोजून शाफ्ट करून घ्यावा. शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय लावू नये. इथे वाचवलेले पैसे साठच्या वेगाला पाठीत जाणवतात.

उरलेली कामे

तेलाबाबत एक गोष्ट ठासून सांगतो. वर्ल्ड क्लास टी-५ मध्ये ऑटोमॅटिक गिअरपेटीचे पातळ, लाल तेल भरतात. नव्वद नंबरचे जाड गिअर ऑइल नाही. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पेटी म्हटली की नव्वद नंबर हा हाताचा सरावच असतो. मी शेजारी उभा नसताना एका गॅरेजमध्ये माझ्या पेटीत तेच भरले गेले, आणि सकाळी पहिली दहा मिनिटे दुसरा गिअर टाकताना हात दुखू लागला. जाड तेलात सिंक्रोच्या अस्तरांची पकड बसत नाही. तेल काढून, लाल तेल भरून, पन्नास किलोमीटर चालवून ते पुन्हा बदलले तेव्हा पेटी मऊ झाली. तेल सुमारे २.६ लिटर लागते. पण मोजून नव्हे, तर बाजूच्या भोकाच्या कडेवरून ओघळेपर्यंत भरावे, आणि गाडी समतल उभी असावी. पेटीची झाकणे कागदी गॅस्केटऐवजी सिलिकॉन सीलंटने बसवतात. त्याचा धागा बारीकच सोडावा, आत पिळून निघालेला सीलंट तेलात फिरत राहतो.

ब्रीदरला, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकाला, रबरी नळी लावून ती केबिनच्या उंचीपर्यंत वर न्यावी. पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली तर गरम पेटी अचानक थंड होते, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर तेच झाले असे समजावे.

स्पीडोमीटरसाठी केबलने चालणारी पेटी मिळाली तर मूळ मीटर तसाच राहतो. फक्त छोट्या गिअरचे दाते जुळवावे लागतात. पेटीतल्या चालक गिअरचे दाते गुणिले अ‍ॅक्सलचे गुणोत्तर गुणिले टायरचे मैलामागचे फेरे, भागिले एक हजार, हे सूत्र. २८ इंची टायर मैलामागे सुमारे ७२० फेरे घेतो. चालक गिअर सात दात्यांचा आणि अ‍ॅक्सल ४.११ असेल तर उत्तर २०.७ येते, तेव्हा २१ दात्यांचा गिअर बसवावा. नंतरच्या काळातल्या पेट्यांत केबलऐवजी विजेचा सेन्सर असतो, त्या टाळाव्यात. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच पेटीवरच असतो. तो नुसता संपर्क जोडतो, त्यामुळे मूळ सहा व्होल्टच्या वायरिंगवर चालतो, बल्ब मात्र सहा व्होल्टचाच लावावा.

लिव्हरसाठी भोक केबिनच्या जमिनीत न पाडता पेटीवरच्या सुट्या पत्र्याच्या झाकणात पाडावे, आणि मूळ झाकण जपून ठेवून नव्या पत्र्याचे दुसरे करून घ्यावे, हे त्याहून चांगले. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा जुना लिव्हर मी काढला नाही. त्याचे खालचे दांडे सोडवले आणि तो तसाच ठेवला. गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात घालतो.

पहिली चाचणी रविवारी सकाळी लवकर, शिवडीच्या गोदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. आधी पहिला ते तिसरा, थांबून खाली वाकून गळती पाहावी, मग पुढे. त्यानंतर पूर्व मुक्त मार्गावर चौथ्यात ताशी साठ धरून पाचवा टाकावा. गाडी फक्त जोर लावताना थरथरत असेल तर पिनियनचा कोन पाहावा. जोर काढला तरी ठरावीक वेगाला थरथरत असेल तर शाफ्टचे बॅलन्सिंग. आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट, बेल हाउसिंगचे बोल्ट आणि आडव्या पट्ट्याचे बोल्ट पुन्हा आवळावेत. माझे यू-बोल्ट पाव फेरा सैल झाले होते. पाचशे किलोमीटरला तेल बदलावे.

जुनी तीन गिअरची पेटी भंगारात देऊ नये. आतले तेल काढून तिच्यात नवे तेल फिरवावे, शाफ्टच्या उघड्या टोकांना ग्रीस लावून प्लॅस्टिक गुंडाळावे, आणि टॉर्क ट्यूबची गोलाकार बैठक, जुना बुश, लिव्हरचे दांडे व त्यांचे नट एका डब्यात घालून प्रत्येकावर चिठ्ठी बांधावी. माझी पेटी गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवली आहे, आणि दर पावसाळ्यानंतर ग्रीस पाहायला ती खाली उतरवावी लागते, तेव्हा घरातले दोन जण हाताशी लागतात.